पहिलं डोकं

मेंदूच्या लहरी तपासायच्या त्या खोलीत एक जुनी रीत होती. सकाळी यंत्र सुरू केलं, की पेशंटला आत घ्यायच्या आधी खोलीतल्याच कुणीतरी खुर्चीत बसायचं, तारांची टोपी डोक्यावर चढवून घ्यायची, डोळे मिटायचे, उघडायचे, पुन्हा मिटायचे. यंत्र नीट चालतंय, एखादी तार सैल नाही, दिव्याची नाहीतर पंख्याची लुडबुड मधे येत नाही, एवढं त्यावरून कळायचं. याला तिथले लोक ‘पहिलं डोकं’ म्हणत. आणि हे पहिलं डोकं कितीतरी वर्षं एकाच बाईचं होतं.

तिला सगळे टोपीबाई म्हणायचे. लोकांच्या डोक्यावर टोपी चढवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे दुसरं नाव शोधायची कुणाला गरजच पडली नाही. शेजारच्या खोलीतला एक्स-रेवाला रोज दारातून डोकावून विचारी, “काय बाई, आज किती जणांना टोपी घातली?” आणि ती रोज म्हणे, “तुम्ही तेवढे राहिलात. या, बसा.” विनोद शिळा झाला होता, पण दोघांनाही तो शिळाच आवडायचा.

ती नोकरीला लागली तेव्हा यंत्र म्हणजे कपाटाएवढं धूड होतं. शाईच्या बारीक लेखण्या कागदावर सरसर धावत आणि कागद घड्या घड्या पडत टेबलाखालच्या टोपलीत जाऊन बसे. बोटांना निळी शाई लागे, ती घरी गेल्यावर टॉवेलाला लागे आणि मग थोरल्या जाऊबाईंची बडबड सुरू होई. नव्याने शिकायला आलेल्या मुलामुलींचा हात बसवायला टोपीबाईंचंच डोकं वापरलं जायचं. कुणी तार भलतीकडेच चिकटवी, कुणी चिकट लेप कानात घाली. ती हसत बसायची. “घाबरू नका, डोकं माझंच आहे, ऑफिसचं नाही,” म्हणायची.

तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी तिच्या कागदाचा एक तुकडा फ्रेम करून भिंतीवर लावला. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूच्या तारांवर कशा दाट, एकसारख्या लाटा उठतात, नव्या कंगव्याच्या दातांसारख्या, आणि डोळे उघडले की कशा विरून जातात, ते त्या तुकड्यावर स्वच्छ दिसे. “निरोगी डोकं पाहायचं असेल तर हे पाहा,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मोठे डॉक्टर गेले, लेखण्या गेल्या, कागद गेला. फ्रेम राहिली.

टोपीबाई निवृत्त झाल्या आणि काही वर्षांनी पुन्हा बोलावल्या गेल्या. बोलावणारी डॉक्टर त्यांच्याच हाताखाली टोपी घालायला शिकलेली मुलगी. तिने नवं काम काढलं होतं. साठी उलटलेल्या, काहीही तक्रार नसलेल्या माणसांच्या लहरी घ्यायच्या आणि विसरण्याचा आजार पुढे येणार आहे का, हे तो यायच्या आधीच ओळखायचं. माणूस नावं विसरायला लागतो, रस्ता चुकायला लागतो, त्याच्या कितीतरी आधी त्या डोळे मिटल्यावरच्या लाटा मंदावतात, हे जुन्या लोकांनाही ठाऊक होतं. पण मंदावल्याचं डोळ्याला दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असे. आता डॉक्टरने असा प्रोग्राम आणला होता की तो डोळ्याला न दिसणारा फरकही पकडायचा. आधी त्याला त्या खोलीत घेतलेले, त्याच वयाच्या निरोगी माणसांचे नमुने द्यायचे. मग येणाऱ्या प्रत्येकाला तो त्या नमुन्याशी ताडून बघे. जुळलं तर पडद्यावर हिरवा ठिपका. नाही जुळलं तर नारिंगी. मधल्या रेघा आता कुणी बघत नसे.

नियम असा होता की नमुन्यासाठी दर सकाळी वेगळं निरोगी माणूस बसवायचं. पण निरोगी माणसांना इस्पितळात यायची हौस नसते. एकीच्या घरी ऐन वेळी पाहुणे आले, दुसऱ्याचा गुडघा धरला, तिसरा येतो म्हणाला आणि फिरकलाच नाही. मग जवळजवळ रोजच टोपीबाई म्हणायच्या, “अहो डॉक्टर, डोकं इथे आयतं बसलंय की. घाला टोपी.”

डॉक्टर एकदा फ्रेमकडे बघे, एकदा बाईंकडे, आणि हसून हो म्हणे. त्या वयातही बाईंना पंचवीस वर्षांपूर्वीच्या पेशंटची नावं, त्यांच्या सुनांची नावं, कोण रडलं, कोण खुर्चीत घोरलं, सगळं तोंडपाठ होतं. अशा डोक्यावर शंका घ्यायचं कुणाला सुचणार?

*

घरी त्या दोघीच. दोघी जावा. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, एकामागोमाग एक गेले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये या दोघी उरल्या. थोरली ऐंशीकडे झुकलेली, अंगाने बारकी आणि तोंडाने तिखट. टोपीबाईंना ती ‘धाकटे’ म्हणायची, या तिला ‘अहो जाऊबाई’ म्हणायच्या, आणि इतक्या वर्षांत ते बदललं नव्हतं.

थोरलीला नावं कधीच लक्षात राहिली नाहीत. तरुणपणीसुद्धा पोटच्या मुलीला हाक मारताना ती आधी बहिणीचं, मग मांजराचं आणि शेवटी मुलीचं नाव घ्यायची. त्यावर घरात किती हसणं झालं असेल. त्यामुळे गेल्या वर्षापासून घरात वस्तू भलत्याच जागी सापडायला लागल्या, तेव्हा नवल कुणालाच वाटलं नाही. काळजी मात्र वाटली.

दुधाचं भांडं कपड्यांच्या कपाटात निघालं, दूध नासून साड्यांना वास लागल्यावर. चष्मा फ्रीजमध्ये. बाथरूमचा नळ दुपारभर वाहत राहिला आणि खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली.

“अहो जाऊबाई, हे काय हो?” टोपीबाई कळवळून म्हणायच्या.

“मी नाही ठेवलं,” थोरली ठसक्यात सांगायची.

“मग काय भांडं पायाने चालत गेलं?”

“तुझ्या भांड्याचं तू बघ. मी नाही ठेवलं.”

अशी भांडणं काही दिवस चालली. मग थोरलीने भांडणंच सोडलं. “असेल बाई. मीच ठेवलं असेल,” म्हणायची आणि खिडकीपाशी जाऊन बसायची. हटवादी माणूस असं मऊ पडायला लागलं की तेही एक लक्षण असतं, हे टोपीबाईंनी पेशंटच्या किती तरी नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं होतं.

मग तो गॅसचा प्रकार झाला. पातेलं जळून कोळसा झालं, धूर जिन्यात गेला, शेजारच्यांनी दार ठोठावलं. दूरच्या शहरात नोकरी करणारी पुतणी, म्हणजे थोरलीची मुलगी, दुसऱ्या दिवशी धावत आली.

“आई, गॅस तू चालू ठेवलास?”

“मीच असेन. दुसरं कोण?” थोरली म्हणाली. तिने मुलीकडे पाहिलं नाही, धाकटीकडेही पाहिलं नाही.

पुतणीने टोपीबाईंचा हात धरला. “काकू, तुमच्याकडे ती तपासणी आहे ना? हिची करून घ्या. एकदा काय ते कळू दे. हिरवं आलं तर मी एक शब्द बोलणार नाही, राहा दोघी इथे. पण नारिंगी आलं तर मी हिला माझ्याकडे नेणार. माझ्या घराजवळ एक संस्था आहे, बायका असतात सांभाळायला. दारं बाहेरून बंद करतात, पण स्वच्छ आहे सगळं.”

दारं बाहेरून बंद करतात, हे तेवढं टोपीबाईंच्या कानात राहिलं.

थोरलीच्या डोक्यावर टोपी त्यांनी स्वतः चढवली. तिचे विरळ पांढरे केस बाजूला सारून एकेका तारेखाली लेप लावला. थोरली म्हणाली, “जन्मभर तुझं डोकं धुतलं, आता माझं खराब कर. घे सूड.” खरंच होतं ते. शिकाऊ मुलांनी डोक्यात लेप भरून ठेवला की घरी आल्यावर तो काढायचं काम थोरलीचं. “परत डोक्यात खळ भरून आलीस का गं?” म्हणत ती गरम पाणी काढायची.

डोळे मिटा. उघडा. मिटा. पडद्यावर नारिंगी ठिपका आला.

थोरली ठिपक्याकडे बघत म्हणाली, “रंग बरा आहे.” आणि मग अगदी सहज, दूध आलं का विचारावं तसं तिने विचारलं, “आणि तुझा कुठला येतो गं?”

“माझा? अहो, माझ्यावरून तर बाकीच्यांचा मोजतात.”

“असं,” थोरली म्हणाली. तिने धाकटीकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग टोपीचा पट्टा हनुवटीखालून स्वतःच सोडवला.

शनिवारी येऊन रविवारी आईला न्यायचं, असं पुतणीने फोनवर ठरवून टाकलं.

*

त्याच आठवड्यात टोपीबाईंना बसवाले काका भेटले. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले हे गृहस्थ काही महिन्यांपूर्वी तपासणीला आले होते. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी आपल्या मार्गाचे सगळे थांबे गाण्यासारखे म्हणून दाखवले होते, आणि हिरवा ठिपका आल्यावर खोलीतल्या सगळ्यांना हात जोडून, “चला, पुढे सरका,” म्हणत गेले होते.

आता ते इस्पितळाबाहेरच्या बसथांब्यावर उभे होते. एक बस आली, गेली. दुसरी आली, गेली. लोक त्यांना वळसा घालून चढत होते. टोपीबाई जवळ गेल्या.

“काय काका, कुठे निघालात?”

त्यांनी ओळखलं नाही. नुसते हसले. तेवढ्यात तिसरी बस समोर येऊन थांबली. काकांनी ड्रायव्हरच्या खिडकीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“ही माझी गाडी आहे,” ते म्हणाले. “मग माझ्या जागेवर तो कोण बसलाय?”

टोपीबाईंनी त्यांना हाताला धरून घरी पोचवलं. दार त्यांच्या बायकोने उघडलं. तिने नवऱ्याला आत बसवलं, पंखा लावला, आणि बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, “तुमच्या यंत्रानेच ठणठणीत सांगितलं होतं ना? म्हणून मी त्यांच्यावर चिडत होते हो. मला वाटायचं, मुद्दाम करतात.”

डॉक्टरला हे कळल्याबरोबर तिने काकांचा एमआरआय करून घेतला. कानाच्या आतल्या बाजूला, खोलवर, करंगळीएवढा एक भाग असतो, नव्या आठवणी तिथे धरून ठेवल्या जातात. काकांच्या मेंदूच्या फोटोत तो वाळलेल्या शेंगेसारखा दिसत होता. हे काही महिन्याभरात झालेलं नव्हतं. आणि त्या माणसाला हिरवा ठिपका आला होता.

“यंत्रात बिघाड आहे,” टोपीबाई म्हणाल्या. त्यांना एकीकडे काकांचं वाईट वाटत होतं आणि दुसरीकडे, कबूल करायला लाज वाटावी असा, आनंद होत होता. यंत्र चुकत असेल तर थोरलीचा नारिंगीही चुकीचा असेल.

शनिवारी सकाळी यंत्राचा इंजिनिअर आला. तारा तपासल्या, पेट्या उघडल्या, प्रोग्राम चालवून पाहिला. शेवटी हात पुसत म्हणाला, “डॉक्टर, याला काहीही झालेलं नाही. तुम्ही ज्याला निरोगी म्हणालात त्याच्याशी जो जुळतो, त्याला हे निरोगी म्हणतंय. बाकी त्याला स्वतःची अक्कल नाही.”

डॉक्टर इंजिनिअरला पोचवायला खाली गेली. खोलीत टोपीबाई एकट्या राहिल्या.

त्यांनी पडद्यावरचा ठिपका बाजूला केला आणि पूर्वी कागदावर दिसायच्या तशा रेघा उघडल्या. त्याच सकाळच्या, पहिल्या डोक्याच्या. कितीतरी दिवसांनी टोपीबाई रेघा बघत होत्या. डोळे मिटल्यावरच्या लाटा दात पडलेल्या कंगव्यासारख्या होत्या, रुंद, आळशी, मधेच रिकाम्या. असं हजारो डोक्यांत पाहिलेल्या त्यांच्या डोळ्यांनी मनाला विचारायच्या आधीच ओळखलं. ‘अगं बाई, हे कुणाचं गं? बिचारी,’ असं त्यांच्या मनात आलं. मग कोपऱ्यातलं नाव दिसलं.

त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. एक सेकंद दाखवणाऱ्या दोन उभ्या रेघांमध्ये तिथे दहा लाटा दाटीवाटीने बसल्या होत्या. पडद्यावर त्याच दोन रेघांमध्ये सहा. कशाबशा.

मग त्यांनी थोरलीच्या रेघा उघडल्या. दाट, एकसारख्या, डोळे मिटताच उठणाऱ्या आणि उघडताच विरणाऱ्या. त्या म्हाताऱ्या डोक्यात नवा कोरा कंगवा होता. टोपीबाईंशी जुळला नाही, म्हणून नारिंगी. बसवाले काका जुळले, म्हणून हिरवे.

खुर्चीचा हात धरून त्या बसल्या. ते दुधाचं भांडं. त्या दिवशी दूध कुणी तापवलं होतं? नळ कुणी सोडला होता? गॅसचा दिवस त्यांनी आठवून पाहिला. धूर आठवला, शेजारच्यांची थाप आठवली, थोरली दारातून आत आली तेव्हाचा तिचा चेहरा आठवला. बाहेरून आत आली होती ती. त्याच्या आधीचं काही आठवेना. पहिल्या दिवशी लेखणीतून सांडलेल्या शाईचा डाग टेबलावर कुठे पडला होता, ते दिसत होतं. मोठ्या डॉक्टरांचा खोकला ऐकू येत होता. आणि गेल्या महिन्यातली एक दुपार पुसलेल्या पाटीसारखी कोरी होती.

दारात डॉक्टर येऊन उभी राहिली होती. पडद्यावर काय उघडं आहे ते तिला तिथूनही दिसत होतं. तिने दार लावून घेतलं.

“बाई, मी काल संध्याकाळी बघितलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“कसं बोलू?” डॉक्टर म्हणाली. “ही फ्रेम बघत मी शिकले. दर सकाळी मीच तुमच्या डोक्याला तारा लावल्या, आणि कालपर्यंत एकदाही रेघा उघडून बघितल्या नाहीत. तुमचं डोकं आहे, त्यात काय बघायचं, असं वाटलं.”

बाहेर एक्स-रेवाल्याने कुणाला तरी ‘श्वास रोखा’ म्हटलेलं ऐकू आलं.

“बाई, ऐका. मी सगळ्यांना परत बोलावते,” डॉक्टर म्हणाली. “नवे नमुने घेते, नियमाने, वेगवेगळ्या माणसांचे. नमुना बिघडला होता, एवढंच सांगायचं. कुणाचा, ते कुणाला कळायची गरज नाही. जाऊबाईंचाही हिरवा येईल, तुम्ही दोघी आहात तशा राहाल. तुमचं आपण हळूहळू बघू. औषधं आहेत, थोडा वेळ मिळतो.”

किती सोपं होतं. टोपीबाईंच्या ओठांवर हो आलंसुद्धा. तारांची टोपी खिळ्यावर टांगून घरी जायचं, थोरलीला सांगायचं, चुकलं हो यंत्राचं. पुतणी रिकाम्या हाताने परत जाईल. आणि मग पुढच्या वेळी पातेलं जळेल तेव्हा?

“तेव्हाही जाऊबाईच म्हणतील, मीच असेन,” त्या मोठ्याने म्हणाल्या.

“काय?”

“काही नाही. डॉक्टर, मला एकदा पुन्हा टोपी घाला. आत्ता. सकाळी घाईत काही राहिलं असेल. चूक नको राहायला.”

डॉक्टरकडून लेप केसांत नको तिथे लागला. “मागची तार अजून खाली घ्या,” टोपीबाईंनी खुर्चीतूनच सांगितलं. “पहिल्या दिवशीही तुम्ही तिथेच चुकला होतात.” डॉक्टर हसली आणि तिचे डोळे भरून आले.

डोळे मिटा. उघडा. मिटा.

चूक नव्हती.

*

घरी पुतणी आधीच आली होती. पलंगावर थोरलीची बॅग उघडी पडली होती आणि पुतणी कपड्यांच्या घड्या करून आत लावत होती. थोरली खिडकीपाशी खुर्चीत बसून ते दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय असं बघत होती.

“काकू, डोक्याला हे काय लागलंय?” पुतणीने विचारलं.

टोपीबाईंनी चपलाही काढल्या नव्हत्या. “गॅस मी चालू ठेवला होता,” त्या म्हणाल्या.

पुतणीचा हात घडीवरच थांबला.

“दूधही मीच ठेवलं असणार. नळसुद्धा. तुझ्या आईला काही झालेलं नाही. यंत्र माझ्यावरून मोजत होतं, आणि बिघडलेली मी आहे.”

“काहीतरीच बोलते ही,” थोरली खुर्चीतून कडाडली. “हिला काय झालंय? पंचवीस वर्षांपूर्वी कुणाच्या सुनेने काय साडी नेसली होती ते सांगते ही. गॅस मी ठेवला. सांगितलं ना एकदा?”

“जाऊबाई, तुम्ही तेव्हा घरात नव्हता.”

“होते.”

“तुम्ही बाहेरून आत आलात. मला दिसलात तुम्ही, दारातून आत येताना.”

“तुला काय दिसतं! मी बाथरूममधून आले.”

“बाथरूम दाराबाहेर आहे का आपलं?”

“आई, काकू, थांबा!” पुतणी ओरडली. “लोक मी नाही, मी नाही म्हणून भांडतात, तुम्ही मी केलं म्हणून भांडताय? आई, खरं सांग. कुठे होतीस तू?”

थोरलीने पदराने खिडकीचा गज उगाच पुसला. “खाली गेले होते,” ती शेवटी म्हणाली. “चप्पल शिवायला. चांभाराला विचार हवं तर.”

“मग माझ्यापाशी खोटं का बोललीस?”

“अगं, मी जन्माची विसरभोळी. मला कुणी काही म्हटलं तर काय फरक पडतो? माझ्यावर खपून जातं.” तिने मुलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे मान वळवली, पण नजर वर केली नाही. “हिचं तसं नाही. हिचं सगळं डोक्यावर चाललंय. ते गेलं म्हटल्यावर हिच्यापाशी राहिलं काय?”

पुतणी बॅगेशेजारी पलंगावर बसली. मग तिने हळूहळू मान उचलून टोपीबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. गॅसच्या दुसऱ्या दिवशी ती आईकडे ज्या नजरेने बघत होती तीच ती नजर होती, जपून बघणारी, माणसाच्या मागचं दार, खिडकी, गॅस, सगळं एकदम मोजणारी. आजवर टोपीबाई त्या नजरेच्या अलीकडे उभ्या असत. आज पहिल्यांदा ती त्यांच्यावर येऊन थांबली.

“माझे कपडे परत कपाटात लाव,” थोरली म्हणाली.

“आणि काकू?” पुतणीने विचारलं.

“आधी कपडे लाव.”

बॅग रिकामी झाली. पण पुतणीने ती बंद करून माळ्यावर टाकली नाही. तशीच उघडी पलंगावर राहू दिली.

“चल गं धाकटे,” थोरली उठली. “परत डोक्यात खळ भरून आलीस. वाळली की निघायची नाही.”

बाथरूममध्ये टोपीबाई स्टुलावर वाकून बसल्या. थोरलीने गरम पाणी आधी स्वतःच्या मनगटावर पाहिलं आणि मग त्यांच्या डोक्यावर सोडलं. तिची बोटं जन्मभराच्या सवयीने लेप शोधत फिरत होती. कानामागे, टाळूवर, अगदी मागे, जिथे शेवटची तार बसते तिथे.

“जाऊबाई, तुम्हाला कधी कळलं?”

“झाले की बरेच दिवस. संध्याकाळी तू चहाचे चार कप मांडलेस. मी म्हटलं, चार कशाला? तर म्हणालीस, ते दोघे येतीलच आता.”

पाणी कानांवरून वाहत होतं. ते दोघे. दोघांचेही फोटो बाहेरच्या भिंतीवर होते.

“मी असं म्हणाले?” टोपीबाईंनी विचारलं. “कधी?”

डोक्यावरची बोटं थांबली.

“नसशील म्हणाली,” थोरली म्हणाली. “मीच विसरले असेन. डोळे मीट, पाणी जाईल.”

टोपीबाईंनी डोळे मिटले. पूर्वी डोळे मिटले की त्यांना लेखण्यांची सरसर ऐकू यायची, इतक्या वर्षांची सवय. आता त्या वाट बघत बसल्या. बाहेर स्वयंपाकघरात पुतणी गॅसची बटणं एकेक करून फिरवून बघत होती, बंद आहेत ना म्हणून, आणि पुन्हा पहिल्यापासून बघत होती.